फटफटीचे चार बोल्ट

शेवटचे चार बोल्ट आवळायचं काम अण्णांनी सुनेच्या हातात दिलं, आणि त्यांच्या थोरल्या लेकीच्या, थोरलीच्या, पोटात जे दुखायला लागलं ते पुढे तीन आठवडे थांबलं नाही.

तसं पाहिलं तर काम होतं केवढं? फटफटीच्या इंजिनाचं हेड सिलिंडरवर ठेवायचं आणि चार कोपऱ्यांतले चार बोल्ट घट्ट करायचे. दहा मिनिटांचं काम. पण त्या दहा मिनिटांच्या आधीचे चार दिवस थोरलीचे होते. हेड उतरवलं तिने. आतली काजळी लाकडी पट्टीने खरवडली तिने. लोखंडाने खरवडली तर चरे पडतात. व्हॉल्व्ह घासले तिने, मनगट भरून येईपर्यंत. हेड आणि सिलिंडरच्या सांध्यात बसणारं तांब्याचं गॅस्केट लाल होईस्तोवर तापवून, पाण्यात बुडवून मऊ केलं तिने. आणि आता सगळं जागच्या जागी बसल्यावर अण्णांनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली,

"सूनबाई, तो तुमचा मोजायचा पाना आणा बरं खाली."

"मोजायचा कशाला?" थोरली म्हणाली. "मी लावते ना."

"तू अंदाजाने लावतेस."

"अंदाजाने? मनगटाने लावायला तुम्हीच शिकवलंत ना, अण्णा?"

"तेव्हा माझ्याकडे मोजायचा पाना नव्हता," अण्णा म्हणाले. इतकं सरळ, की त्यावर भांडताही येईना.

भावजय खाली आली ती हातात एक लांबोडकी पेटी घेऊन. ती वजनं-मापं तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. लोकांचे तराजू, मीटर, दाबमापकं खरं बोलतात की खोटं, हे ठरवणं हे तिचं काम. पेटीत मखमलीवर टॉर्कचा पाना झोपलेला होता. त्याच्या मुठीवर आकडा लावायचा. बोल्ट तेवढा आवळला गेला की पाना 'कट्' असा आवाज करून सांगतो, पुरे. फटफटीच्या जुन्या पुस्तकात या बोल्टांसाठी चोवीस आकडा दिलेला होता. भावजयीने चोवीस लावला, आणि समोरासमोरचे बोल्ट जोडीने घेत चारही आवळले. कट्. कट्. कट्. कट्.

अण्णा लहान मुलासारखे हसले. "बोलतो की हो हा!"

थोरली फडक्याने हात पुसत राहिली. वीस वर्षं ती या गॅरेजमध्ये होती. खाली गॅरेज, वर घर, मध्ये चौदा पायऱ्या. गिऱ्हाइकं तिला मिस्त्रीताई म्हणत आणि गाडी नुसती सुरू केली की ती आजार सांगते म्हणून लांबून येत. त्या वीस वर्षांत तिच्या कुठल्याच कामाला अण्णा असे हसले नव्हते. 'बरं झालंय', फार तर 'चालेल'. आणि ही दोन वर्षांपूर्वी घरात आलेली! हिला अहो-जाहो, आणि आपल्याला 'ए थोरले, ते डबडं उचल.' हिच्यासाठी कोपऱ्यातलं स्टूल पुसून ठेवलेलं. हिची नखं तर बघा. एक तास ग्रीसमध्ये हात घालते आणि साबण लावला की कशी लख्ख निघतात! थोरलीच्या नखांतला काळा रंग निघायचा म्हणजे नखंच काढावी लागली असती.

पण खरं दुखणं नखांचं नव्हतं. ते होतं तलावाचं.

दर वर्षी एका रविवारी जुन्या गाड्यांची हौस असणारी मंडळी ऐंशी किलोमीटरवरच्या एका तलावाकाठी जमत. कुणी तीनचाकी आणे, कुणी साइडकार लावलेली गाडी. अण्णांची फटफटी तिथे तिसेक वर्षं जात होती, आणि ती सगळी वर्षं हँडल अण्णांच्या हातात होतं. यंदा त्यांच्या डाव्या हाताला कंप सुटला होता. रोज संध्याकाळी पुलापर्यंत जाऊन परत येणं त्यांना जमे. तेवढ्या बारा किलोमीटरांसाठी ते कुणाचं ऐकत नसत. पण ऐंशी जमणार नाहीत हे त्यांनी स्वतःच सांगून टाकलं होतं.

"यंदा मी मागे बसणार," ते म्हणाले होते.

"चालवणार कोण?" थोरलीने विचारलं होतं. अगदी सहज, पाना शोधत असल्यासारखं.

"ठरवू."

अण्णा आजवर कुणाच्याही मागे बसलेले नव्हते. ते कुणाच्या मागे बसतील, त्याच्याशी त्यांचं काहीतरी वेगळं नातं असणार, हे त्यांनी न सांगताही घरात सगळ्यांना कळत होतं. थोरलीला वाटायचं, यात ठरवायचं काय? आपणच की. 'ठरवू' हा शब्द आला कुठून? तो आला चोवीसच्या आकड्यातून आणि 'कट्'मधून, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. भावजय कॉलेजात असताना तिच्या मामाची मोटारसायकल चालवायची, आणि हे तिने जेवताना अण्णांना दोनदा तरी सांगितलं होतं.

चार दिवसांनी हेडच्या सांध्यातून तेलाचा काळा ओघळ आला.

थोरलीला आनंद झाला. दुसऱ्याच्या कामात खोट निघाल्यावर होतो तो, जिभेखाली गोळी विरघळावी तसा. तिने ओघळावरून बोट फिरवलं आणि ते अण्णांच्या नाकासमोर धरलं.

"बघा. बोलका पाना."

अण्णांनी बोटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "सूनबाईंना सांग. पुन्हा मोजून लावतील."

"मी इथे उभी आहे, अण्णा."

"दिसतेस. पण हे एका हाताचं काम आहे. आज तू, उद्या ती, असं हेडचं होत नाही. त्यांनी सुरू केलंय, त्याच संपवतील. दुसऱ्या कुणाचा पाना हेडला लागता कामा नये."

भावजयीने पुन्हा चोवीस लावला. पुन्हा चार वेळा कट् झालं. "ताई, नवं गॅस्केट बसायला थोडा वेळ घेतं, नाही का?" तिने विचारलं. खरं तर ती खरोखरच विचारत होती. थोरलीला मात्र ते ऐकून अंगाचा तिळपापड झाला. ज्या गॅस्केटला मी मऊ केलं, त्याचा स्वभाव ही मला विचारणार!

त्या संध्याकाळी अण्णा पुलावरून परतले, फटफटी आत लावली आणि आंघोळीला वर गेले. शटर अर्धं खाली होतं. गॅरेजमध्ये थोरली आणि तापलेलं इंजिन, दोघंच. धातू निवताना टिकटिक आवाज येत होता. थोरलीने खिशातून आपला पाना काढला आणि पहिल्या बोल्टला लावला.

पाना सरकला. थोडासाच, पण सरकला.

"ढिला!" ती पुटपुटली. "चोवीस म्हणे." आणि मनगटाला पटेल तेवढं तिने चारही बोल्टांना दिलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. ती थोरलीला ठाऊक नव्हती असं नाही. तापलेल्या हेडला पाना लावायचा नसतो. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट पोलादाचा, आणि अ‍ॅल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. फुगलेल्या हेडवर बसवलेला ताण हेड निवून आकसलं की उरत नाही. थोरली अठरा वर्षांची असताना अण्णांनी तिला शिकवलेला हा पहिला धडा होता. त्या दिवशी तिने तो पाळला नाही, कारण गॅरेज रिकामं मिळायचं ते तेवढ्याच वेळात. आणि तिचा हिशेब साधा होता. बोल्ट टिकले, की तलावावर जायच्या आदल्या दिवशी सांगायचं, 'अण्णा, हे तुमच्या सूनबाईंचं चोवीस नाही. ही माझी मनगटं आहेत.'

पण बोल्ट टिकले नाहीत. दुसऱ्या संध्याकाळी पाना लावला तर पुन्हा सरकला. तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा. थोरली दर वेळी थोडं जास्त देत गेली. अण्णांच्या आंघोळीच्या पाण्याचा आवाज सुरू झाला की तिचा हात आपोआप खिशात जायचा.

दिवसा ती भावजयीवर नजर ठेवून असे. अण्णांना चहा देताना ही काय बोलली? दोघं पुस्तकात डोकं घालून काय बघतायत? एकदा अण्णा तिला कार्ब्युरेटरची सुई उजेडात धरून दाखवत होते. तीच सुई, तोच कोन, तेच वाक्य, "टोकाकडे बघायचं, कमरेकडे नाही." थोरलीला वाटलं, आपल्या अंगातला स्वेटर कुणीतरी दुसऱ्याला घालून दाखवतंय.

"तुझं तोंड का असं?" धाकट्या भावाने, बारक्याने, जेवताना विचारलं. बारक्या सहा फूट दोन इंच होता. तो चष्म्याच्या दुकानात काम करायचा आणि गॅरेजमधून जाताना दोन्ही हात वर धरून जायचा, कपड्यांना तेल लागू नये म्हणून.

"कसं?"

"व्हिनेगर प्यायल्यासारखं."

"तुझ्या बायकोला विचार."

"तिचंही तसंच आहे," बारक्या म्हणाला. "पहाटे उठते, खाली जाते, आणि असंच तोंड घेऊन वर येते. मी विचारलं तर म्हणते, आकडे जुळत नाहीत. तुम्हा दोघींना त्या खटाऱ्याने झपाटलंय."

थोरलीने घास गिळला. पहाटे खाली जाते? कशाला? पण अण्णा समोर बसले होते, तेव्हा तिने पुढे विचारलं नाही. मनात मात्र खूणगाठ बांधून ठेवली.

तलावाच्या रविवारला तीन दिवस उरले असताना काळा ओघळ पुन्हा आला, आता दोन बाजूंनी. किक मारली की सांध्यातून फुस्स आवाज येऊ लागला. अण्णा फटफटीसमोर उकिडवे बसले. डावा हात थरथरत होता, तो त्यांनी उजव्याने धरून ठेवला होता.

"शनिवारपर्यंत हे थांबलं नाही," ते म्हणाले, "तर यंदा नाही जायचं. आणि यंदा नाही, तर पुढच्या वर्षी मी मागेही बसू शकेन की नाही, कुणी सांगावं."

त्याच संध्याकाळी बोल्ट आवळून झाल्यावर थोरलीने अणकुचीदार सळईने प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून खाली हेडपर्यंत एक बारीक सरळ रेघ ओढली. बोल्ट सैल होताना उलटा फिरणार, घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध. उद्या रेघ तुटलेली दिसली, की किती फिरला ते कळेल.

शुक्रवारी संध्याकाळी तिने बॅटरी लावून पाहिलं. रेघा तुटल्या होत्या. चारही. पण उलट्या दिशेने नाही.

तिने डोळे चोळले आणि पुन्हा पाहिलं. बोल्टावरची अर्धी रेघ हेडवरच्या रेघेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सरकली होती. बोल्ट उलटा फिरलाच नव्हता. सुलटा फिरला होता. पुढे, आवळायच्या दिशेने. आणि बोल्ट आपणहून आवळला जात नाही. त्याला कुणीतरी आवळावं लागतं.

'पहाटे उठते, खाली जाते.'

पकडली, थोरलीला वाटलं. इतके दिवस अंगावर साचलेलं सगळं एकदम हलकं झालं. चोरून आवळते! एका हाताचं काम म्हणे! आणि आवळते तर किती आवळते, बोल्टांचा जीव जाईपर्यंत? त्या संध्याकाळी तिने पाना लावला नाही. शांत झोपली.

शनिवारी सकाळी तिने सगळ्यांना खाली बोलावलं. बारक्यालाही. तो दाराशीच उभा राहिला.

"हेड उतरवते," ती म्हणाली. "अण्णा, तुम्ही म्हणालात एका हाताचं काम. पण मला एक दाखवायचंय."

अण्णांनी मान हलवली. भावजय टेबलाजवळ आली. तिच्या हातात एक छोटी वही होती.

थोरलीने चारही बोल्ट काढले, पुसले आणि टेबलाच्या काचेवर उभे केले. मग अण्णांच्या फळीवरच्या पत्र्याच्या डब्यातून तेलकट कागदात गुंडाळलेले चार नवे बोल्ट आणले आणि शेजारी उभे केले. बघायला माप लागलं नाही. जुने बोल्ट नव्यांपेक्षा उंच होते. आट्यांच्या जरा वर त्यांची कंबर बारीक झाली होती, चिक्की ओढावी तशी.

"पाऊण मिलिमीटर," वर्निअर लावून थोरली म्हणाली. "ताणून ताणून लांब झालेत. असा बोल्ट कितीही आवळा, धरणार नाही." ती अण्णांकडे वळली. पुढचं वाक्य तिच्या ओठांवर तयार होतं.

"मी केलं," भावजय म्हणाली.

थोरलीने वर्निअर काचेवर ठेवला.

"अण्णा, मी रोज पहाटे आवळत होते. तुम्हाला सांगायला हवं होतं. पण तुम्ही एवढ्या विश्वासाने काम दिलं, आणि रोज सकाळी बोल्ट सैल. मला लाज वाटली. ताईंना काय तोंड दाखवू असं झालं. त्या समोरून जात असल्या की मला वाटायचं, यांना न मोजता कळतं आणि मला मोजूनही कळत नाही." तिने वही उघडून टेबलावर ठेवली. तारखा, चार रकाने, प्रत्येकात किती अंश फिरवावं लागलं ते. सोळा सकाळी. "एवढंच समजत नाही, की हे सैल होतात कधी? संध्याकाळी गाडी येते, सकाळी मी बघते. मधल्या वेळात गाडी नुसती उभी असते. उभ्या उभ्या बोल्ट सैल होतात कसे?"

वर कुठेतरी नळ ठिबकत होता.

उभ्या उभ्या सैल कसे होतात, हे तिथे एकाच माणसाला ठाऊक होतं. थोरलीला सगळं साखळीसारखं दिसलं. संध्याकाळी आपण तापलेलं हेड आवळलं. रात्री ते निवलं, आकसलं, आणि ताणून लांबलेले बोल्ट सैल पडले. पहाटे हिने थंड हेडवर चोवीसपर्यंत ओढले. मग अण्णा पुलावर गेले, हेड फुगलं, आणि आधीच ताणलेले बोल्ट आणखी ताणले गेले. संध्याकाळी पुन्हा आपण. बोल्ट बिचारे कुणाचं ऐकणार? रात्रंदिवस दोघींनी त्यांना ओढलं होतं, एकीने दिवसाच्या एका टोकाला, दुसरीने दुसऱ्या टोकाला.

गप्प राहिलं असतं तर झालं असतं. चूक भावजयीची, कबुली भावजयीची, उद्याचं हँडल थोरलीचं. अण्णा नव्या बोल्टावर अंगठा फिरवत होते. ते कुणाकडेच बघत नव्हते. आणि त्याही क्षणी थोरलीला हेवा वाटला तो त्या कबुलीचा. किती सरळ बोलून मोकळी झाली ही! इथेही हिचाच नंबर पहिला. आता मी बोलले तरी दुसरीच.

"गाडी नुसती उभी नसायची," ती म्हणाली. "मी आवळत होते. संध्याकाळी. तुम्ही आंघोळीला गेलात की."

अण्णांचा अंगठा थांबला. "आल्या आल्या? तापलेलं?"

"तापलेलं."

"तू?"

त्या एका 'तू'मध्ये वीस वर्षं होती. थोरलीने मान खाली घातली. भावजय वहीकडे बघत होती, मग थोरलीकडे, आणि तिच्या डोळ्यांत राग यायच्या आधी काहीतरी वेगळंच आलं.

"म्हणजे आकडे बरोबर होते," ती हळूच म्हणाली. "ताई, माझे आकडे बरोबर होते!"

"हो बाई, होते."

दाराशी बारक्याने घसा खाकरला. "म्हणजे सकाळी ही आवळायची आणि संध्याकाळी ताई? आणि दोघींना वाटायचं, मोजून केलेलं काम कच्चं आहे?" तो हसू लागला. कुणीच साथ दिली नाही, तेव्हा थांबला.

अण्णा उठले. "नवे बोल्ट लावा. दोघींनी मिळून. थंड हेडवर, मोजून, एकदाच. मग पाने इथे आणून द्या. दोन्ही."

थोरलीने बोल्ट हाताने आट्यांत बसवले, भावजयीने पाना लावला. तिसऱ्या बोल्टाला भावजयीने पाना तिच्या हातात दिला. थोरलीने ओढला. मनगटाने 'बस' म्हटलं, आणि त्याच क्षणी पाना 'कट्' म्हणाला. तिला बरंही वाटलं आणि वाईटही. चौथा झाल्यावर तिने चारही बोल्टांवर नव्या रेघा ओढल्या. अण्णांनी दोन्ही पाने आत ठेवून हत्यारांच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"आणि उद्या चालवणार बारक्या."

"मी?" बारक्याचे दोन्ही हात वर गेले.

"तू. या घरात ज्याने आजवर एकाही बोल्टाला हात लावलेला नाही, असा तूच आहेस. मला तोच माणूस हवाय."

रविवारी बारक्या इतक्या सावकाश गेला, की वाटेत सायकलवाले त्याला मागे टाकत होते. अण्णा त्याच्या खांद्यावर थरथरता हात ठेवून मागे बसले होते. पाठोपाठ गॅरेजच्या टेम्पोत थोरली गाडी चालवत होती आणि शेजारी भावजय. ऐंशी किलोमीटर दोघींची नजर त्या खांद्यावरच्या हातावर होती.

"माझ्या मामाच्या गाडीवर मी याच्या दुप्पट वेगाने जायचे," भावजय म्हणाली.

"गियर बघ कसा टाकतोय," थोरली म्हणाली. "दात मोडेल."

"अण्णा हसतायत."

"दिसतंय मला."

तलावाशी फटफटी थांबली. अण्णा उतरून ओळखीच्यांत गेले आणि बारक्याची ओळख करून देऊ लागले, "हा चालवत घेऊन आला मला." दोघी टेम्पोतून उतरून थेट इंजिनापाशी जाऊन वाकल्या. ओघळ नव्हता. चारही बोल्टांवर काल ओढलेल्या रेघा सरळ होत्या. थोरलीचा हात सवयीने खिशात गेला. तिने चोरून पाहिलं, तर भावजयीचा हातही पर्समध्ये होता.

"काय आहे त्यात?" थोरलीने विचारलं.

"काही नाही. तुमच्या खिशात?"

थोरलीने खिसा चाचपला. "काही नाही."

मग दोघी तिथेच जमिनीवर बसल्या, इंजिन निवेपर्यंत, एकमेकींच्या हातांवर लक्ष ठेवत.